सात मिरच्यांचा प्रयोग

कुंताबाईंनी बंद मूठ अश्विनवरून सात वेळा उतरवली, पुटपुटत अंगणातल्या चुलीपाशी गेल्या आणि मूठ विस्तवावर रिकामी केली. मोहरी तडतडली. मीठ फुटलं. खुशबू पोराला छातीशी धरून श्वास रोखून उभी होती.

"घे आता श्वास," कुंताबाई म्हणाल्या. "येते का ठसका?"

खुशबूनं नाक वर केलं. काहीच नाही.

"सात मिरच्या जळल्या, अन् ठसका नाही. केवढी नजर होती पाह्य! मास्तरले सांगजो नको बरं."

सांगायची सोयच नव्हती. मास्तर म्हणजे खुशबूचे सासरे, आनंदराव. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव गावच्या तलावात सोडले. उरल्यासुरल्या समजुती आनंदरावांनी हाकलल्या. नातवाच्या गालाला काळी तीट नाही, मनगटाला दोरा नाही. टोपलीत लिंबू आणि मिरची शेजारी ठेवायलाही बंदी होती. ओसरीतल्या बुद्धांच्या तसबिरीखाली त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती : आधी तपासा, मग माना. त्यांचं स्वतःचं तपासून मात्र केव्हाच संपलं होतं.

खुशबू बीएस्सी. पण आठ दिवसांपासून पाच महिन्यांचा अश्विन दिवेलागणीला रडायला लागायचा तो दोन-दोन तास. लाखनीच्या डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पोरगं ठणठणीत आहे. तुम्ही झोपा." ती झोपत नव्हती. तो रडला तर रडतो म्हणून, निजला तर श्वास चालू आहे ना ते पाहायला. मोबाइलवर शोधलं की अठरा रोग निघायचे. त्यातले सतरा अश्विनला लागू पडायचे. नवरा, जीवन, नागपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. सासूबाई नव्हत्या. त्यामुळे आनंदराव फिरायला गेल्याबरोबर शेजारच्या कुंताबाई कुंपणापाशी येऊन "आण वं पोराले, नजर उतरवू" म्हणाल्या, तेव्हा खुशबूनं बीएस्सी घरात ठेवली आणि पोराला बाहेर आणलं.

त्या रात्री अश्विन जरासा कुरकुरला आणि झोपला. खुशबू तर अशी झोपली की सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा उठली.

आणि उठल्या उठल्या तिला नवी काळजी लागली. नजर खरीच असली तर? मग आजवर ज्यांनी ज्यांनी "किती गोड आहे वं" म्हणत गाल ओढले, त्या सगळ्यांची यादी करावी लागणार होती.

संध्याकाळी तिनं अश्विनला कुंताबाईंकडे ठेवलं आणि प्रयोग मांडला. चूल तीच, वेळ तीच. मूठभर मीठमोहरी आणि डब्यातल्या मोजून सात मिरच्या. उतरवल्या फक्त ओसरीतल्या आनंदरावांच्या खुर्चीवरून. खुर्चीच्या एका पायाखाली विटेचा तुकडा होता आणि बसलं की ती करकरायची. तिला कोणाची नजर लागणार?

मिरच्या विस्तवावर पडल्या मात्र, खुशबूचे डोळे चुरचुरले, घसा धरला. चुलीशेजारी निजलेलं कुत्रं शिंकत पळालं. फिरून येणारे आनंदराव फाटकातच अडकले आणि तोंडावर दुपट्टा धरून खोकत ओरडले, "काय जाळून राहिली, बेटा?"

"सात मिरच्या."

"काहून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. धुरानं डोळ्यांत पाणी होतंच, तिनं त्यातच सगळं सांगून टाकलं. "काल कुंताकाकूंनी अश्विनवरून उतरवल्या, तर ठसका नाही. आज मी खुर्चीवरून उतरवल्या, तर हे असं. बाकी सारं सारखंच होतं. म्हणजे बाबा... नजर खरी निघाली."

ती ओरडा ऐकायला तयार उभी राहिली. ओरडा आला नाही. आनंदराव खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

"एका प्रयोगानं काही सिद्ध होत नसते."

"मग पुन्हा करू?"

"नको!" ते घाईनं म्हणाले, आणि पुन्हा खोकले.

मग ते पाटीकडे पाहू लागले. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या पोरासारखे. शेवटी चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "काल तिच्या मुठीत काय होतं, ते तू पाहिलं?"

"मूठ उघडून दाखवायची नसते म्हणाल्या."

"अन् तू मानलं. बीएस्सी झाली ना?" ते उठले. "जाय. तिलेच विचार."

कुंताबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. धूर कुंपण ओलांडून तिथवर आला होता. त्यांनी पदर अश्विनच्या तोंडावर धरला होता. पदराखाली तो मजेत मूठ चोखत होता.

"काकू, खरं सांगा. काल तुमच्या मुठीत मिरच्या किती होत्या?"

कुंताबाईंनी कुंपणापलीकडे पाहिलं. आनंदरावांनी खुर्ची फिरवून इकडे पाठ केली होती.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

"मग नजर कशी उतरली?"

"लागली कोणाले होती?" कुंताबाई पदरात हसल्या. "परवा तुहा सासरा आला माह्या दारात. म्हणे, पोराले काही झालं नाही, सूनच झोपत नाही. पोरावरून काहीतरी उतरवून द्या, तिले झोप लागीन. मिरच्या टाकजा नको, नातवाले धूर लागते. अन् मी आलो होतो म्हणून तिले सांगजा नको."