दुपारचा घास

परंड्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आमच्या मांजरीचं मूत्रपिंड बिघडलंय. बिनमिठाच्या भातात औषधाची पूड कालवून दिवसातून तीनदा चारा. पण माझ्या बायकोनं, बेगमबीनं, पहिला घास घेतल्याशिवाय मांजर कधीच खात नसे, आणि रमजान चालू होता. दिवसभर ती बेगमबीच्या तोंडाकडं बघत उपाशी राही. चौथ्या दुपारी तिला मान उचलवेना. संध्याकाळपर्यंत ती टिकेल असं वाटेना. बेगमबीनं ताटलीतला कडू घास स्वतःच्या तोंडात घातला. “अगं, रोजा मोडलास! आता साठ रोजे धरावे लागतील,” मी ओरडलो. “धरीन की. तुमी गप बसा. खा गं माय, बघ, म्याबी खाल्लं.” मांजरीनं भात नुसता हुंगला. बेगमबीनं दुसरा घास गिळला. तिसऱ्याला तिला हुंदका आला. मग मीही ताटलीजवळ बसलो आणि मांजरीला दाखवून घास गिळला. मांजरीनं घासाला तोंड न लावताच डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.