घट्ट बूच

बूच निघताना टप् असा आवाज झाला आणि जावयाने चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. तळघरातल्या टेबलाभोवती तिघंच होते. नव्वदीचे सासरे, त्यांची साठीला पोचलेली मुलगी आणि तिचा नवरा, म्हणजे हा जावई. तो सासऱ्यांच्याच हाताखाली वाइनचं काम शिकला होता. पुढे त्यांचीच मुलगी केली आणि आता तळघराच्या किल्ल्याही त्याच्याकडे होत्या.

बाटली सासूबाईंची. साठ वर्षांपूर्वी, मुलीच्या वेळी सातवा महिना असताना, कुणाचं एक न ऐकता त्या हौदात उतरल्या होत्या आणि स्वतःच्या पायांनी द्राक्षं तुडवली होती. वाइन बाटल्यांत भरली तेव्हा वर डकवायच्या चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिल्या. मुलगी दीड वर्षाची असताना त्या गेल्या. बाकीच्या बाटल्या विकल्या गेल्या, ही एक राहिली.

“आईची एकसुद्धा आठवण नाही मला,” मुलगी म्हणायची. “निदान तिच्या हातची चव तरी कळू दे.”

तिच्या लग्नात बाटली उघडायची ठरली होती. ऐन वेळी सासरे म्हणाले, “अजून तयार नाही.” नातू झाला तेव्हाही तेच. नातवाच्या लग्नातही तेच. नातवाच्या वेळी आणि त्याच्या लग्नात जावयाने मान डोलावली होती, जरा जास्तच जोरात. “बाबांचं नाक आहे ते, चुकायचं नाही,” असंही वर म्हणाला होता. शेवटी यंदा बायको बिथरली. “तयार नाही, तयार नाही करता करता मीच पिकून गेले. आज उघडा, नाहीतर मी उघडते!” मग जावयाने किल्ल्या काढल्या.

जावयाला माहीत होतं, या बाटलीत सासूबाईंचं काहीच नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी जुन्या बाटल्यांची बुचं बदलायचं काम निघालं होतं. तीस-बत्तीस वर्षांत बूच कुजतं, स्क्रू लावला की भुगा होतो. त्या दिवशी सगळ्या बुचांचा तसाच भुगा झाला. सासूबाईंच्या बाटलीचं बूच मात्र जागचं हलेना. बाईचं काम पक्कं, असं म्हणत त्याने बाटली गुडघ्यांत धरली आणि जोर लावला. बाटली निसटली आणि फरशीवर फुटली.

बोटाला लागली तेवढी त्याने चाखली. वाइन बत्तीस वर्षांची आणि चव परवाच्यासारखी कोवळी! सासूबाईंच्या हाताला खरंच काहीतरी होतं, असं वाटून तो तिथेच फरशीवर बसून रडला. मग त्याने काच गोळा केली, चिठ्ठी अलगद सोडवून एका जुन्या रिकाम्या बाटलीला डकवली आणि आत गेल्या हंगामाची कोवळी वाइन भरली. सासऱ्यांना ते सांगायचं धाडस झालं नाही. बायकोला तर नाहीच नाही. तेव्हापासून ती आईविषयी बोलायला लागली की हा उठून कामाला लागायचा. लोक म्हणत, माणूस फार कामसू.

आता त्यानेच तीन ग्लासांत ओतली. रंग विटकरी उतरला. सासऱ्यांनी ग्लास नाकाशी धरला. नुसत्या वासावरून द्राक्षं टेकडीच्या कुठल्या उतारावरची हे सांगणारा माणूस. त्यांनी डोळे मिटले, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला.

“तीच,” सासरे म्हणाले.

मुलीनेही घोट घेतला. तिचे डोळे भरून आले. “जरा तुरट आहे,” ती हसत म्हणाली. “आई रागीट होती का हो, बाबा?”

“होती थोडी.”

तिने उरलेला ग्लास एका दमात संपवला आणि उठली. “थांबा, तिचा फोटो घेऊन येते. तिलाही बसू दे आपल्यात.” ती जिना चढून वर गेली.

जावयाला आता राहवेना. अठ्ठावीस वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर पडलं. “बाबा, ही ती नाही. ती माझ्या हातून फुटली. मी दुसरी भरून ठेवली. तिला काय तोंड दाखवू मी?”

सासरे रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “फुटली तेव्हा चाखलीस?”

“बोटाला लागली तेवढी. अगदी कोवळी होती. म्हणून तर मीही कोवळीच भरली.”

“आणि बूच?”

“घट्ट. निघता निघत नव्हतं.”

“घट्टच असणार,” सासरे म्हणाले. “दोन वर्षांचं तर होतं.”

“दोन वर्षांचं?” जावयाने विचारलं.

“तुमच्या लग्नाच्या आदल्या दुपारी उघडली मी,” सासरे खालच्या आवाजात म्हणाले. “पाहुण्यांत शोभा नको, म्हणून नुसती चाखायला. पहिल्या घोटातच ती समोर येऊन उभी राहिली रे. मग थांबताच आलं नाही. संध्याकाळी बाटली रिकामी. त्यात समोरच्या पिंपातली नवी भरली, बूच ठोकलं आणि तुम्हाला सांगितलं, अजून तयार नाही. पोरीसाठी थेंबसुद्धा ठेवला नाही मी.”

दोघांनीही आपापले ग्लास खाली ठेवले. जिन्यावर पावलं वाजली. फोटो पदराने पुसत मुलगी वरूनच ओरडली, “दोघांनी मिळून संपवू नका हं! मला ठेवा थोडी.”