धुराड्यातला सोडा

इंजिनिअर शलाकाने सोड्याची बाटली फोडली आणि ग्लास अध्यक्षांपुढे सरकवला. "घ्या आप्पा, आपल्याच बॉयलरच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड. पकडून, धुऊन पाण्यात भरलाय." वायू पकडणारं तिचं यंत्र चालू ठेवायचं की भंगारात काढायचं, हे आज संचालक ठरवणार होते.

कापडगिरणीचे अध्यक्ष आप्पा फुकटचं कधी नाकारत नसत. एका दमात ग्लास रिकामा केला आणि सभागृह दणाणेल असा ढेकर दिला.

"गेला की हो मॅडम परत हवेत!" खजिनदार खिदळले. "एवढा खर्च करून धुराड्याऐवजी आप्पांच्या तोंडातून सोडला."

सगळे हसले. शलाकाही हसली, कारण या ढेकराची ती वाटच बघत होती. तिने पिशवीतून करडी वीट काढून टेबलावर ठेवली. "म्हणूनच ही आणलीय. हिच्यात मुरलेला वायू दगड होऊन बसतो. शंभर वर्षं सुटणार नाही."

आप्पांनी वीट उचलली, ठोकून पाहिली, मान डोलावली. शलाकाचा जीव भांड्यात पडला.

"बाजारातल्या विटेपेक्षा महाग?"

"थोडी."

आप्पांनी वीट अलगद खाली ठेवली आणि रिकामा ग्लास पुढे केला. "यंत्र चालू राहू दे. सोड्यासाठी."