बैठकीतल्या भिंतीवरचं पत्र

प्रणालीच्या पत्राला नत्थुजी खोडे यांनी उत्तर दिलंच नव्हतं. त्याला आता चौदा वर्षं झाली.

तेव्हा ते अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. प्रणाली शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराची मुलगी. समुद्रावरचं प्रत्येक पुस्तक तिनं दोनदा नेलेलं. पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘चेन्नईला समुद्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. बाबा नाही म्हणतात. सर, तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा. शिकलेल्या माणसाचं ते ऐकतात.’

नत्थुजींनी सात मसुदे केले आणि सातही फाडले. आपण समुद्र कधी पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या मुलीला त्यात पाठवणारे आपण कोण?

तरी ती गेली. यंदा तिघांच्या संशोधन पाणबुडीतून ती समुद्रात चार हजार मीटर खाली उतरून आली. पेपरातला फोटो बघून नत्थुजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. आठ दिवसांनी तिच्या वडिलांचा, पुंजाजींचा फोन आला.

“सर, पोरगी रविवारी येऊन रायली. तुमाले यावंच लागते. तुमच्या चिठ्ठीनंच तं गेली थे.”

“माझ्या?”

“नाही तं काय माह्या?” पुंजाजी हसले आणि फोन ठेवला.

कुणाचं तरी पुण्य चुकून आपल्या नावावर आलं होतं. जाऊन खरं काय ते सांगायचं, एवढं ठरवून नत्थुजी रविवारी वरूडच्या एस.टी.त बसले.

पुंजाजींच्या बैठकीत ती चिठ्ठी काचेच्या चौकटीत लावलेली होती. टाइप केलेली, चारच ओळींची.

‘पुंजाजी, मुलीला अडवू नका. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो. वरच्यानं दोर नीट धरला की उतरणाऱ्याला भीती वाटत नाही. हिचा दोर तुम्ही धरा.’

खाली ‘नत्थुजी खोडे’ अशी सही होती. ती त्यांची नव्हती.

नत्थुजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सात मसुद्यांत त्यांना जे जमलं नव्हतं ते इथं चार ओळींत होतं. विहीर, दोर. शेतकऱ्याच्या घरची भाषा. मग त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या उत्तराची वाट पाहून पाहून पोरीनंच हे उत्तर लिहिलं असणार.

“सर.” प्रणाली मागं उभी होती. वाकून तिनं नमस्कार केला. “पाणबुडीत प्रत्येक वस्तू वजन करून नेतात. मी याची झेरॉक्स नेली होती.”

“होय का?” नत्थुजी म्हणाले.

अंगणात संत्र्यांच्या ढिगाजवळ सतरंज्या टाकल्या होत्या. घरचे, शेजारचे मिळून वीसेक माणसं. प्रणाली सांगत होती. धातूचा गोळा, आत दोन हात हलवण्यापुरती जागा. खाली जायला अडीच तास. उजेड तर पहिल्या काही मिनिटांतच संपतो. मग खिडकीबाहेर मधूनच काहीतरी निळं चमकून जातं, आणि तळाशी काचेसारखे आरपार दिसणारे जीव गाळावरून सावकाश चालतात.

“सबमर्सिबल मोटर तं माह्या बोअरमधी बी हाये,” शेजारचा देवीदास म्हणाला. “जळली का वर काहाडता काहाडता चार मानसं लागतात. तुमची अडकली असती तं?”

सगळे हसले. प्रणालीही हसली. “आमची अडकू नये म्हणून लोखंडाची वजनं असतात, काका. ती खालीच सोडून द्यायची. मग पाणबुडी आपोआप वर येते.”

“आन् नाही सुटली तं?”

“देवीदास, चूप बस ना बे!” पुंजाजी एकदम खेकसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “मी तं तवाच म्हनलं होतं, पाय तोडीन पन जाऊ देनार नाही. सरायची चिठ्ठी आली म्हनून ऐकलं. सर, दोन शबूद बोला.”

नत्थुजी उभे राहिले. खरं सांगायला ते आले होते. पण आता खरं सांगितलं, तर चौदा वर्षांनी, भरल्या अंगणात, बापासमोर मुलगी खोटी ठरणार होती. त्यांनी प्रणालीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. पुंजाजी तळहातावर संत्रं फिरवत त्यांच्याचकडे बघत होते.

“ती चिठ्ठी,” नत्थुजी म्हणाले, “वेळेवर पोचली. लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? मी आपल्या सर्वांचा आभारी आहे.”

ते बसले. टाळ्या वाजल्या. पुंजाजींनी मात्र टाळी वाजवली नाही. ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

संध्याकाळी पुंजाजी त्यांना मोटरसायकलवर वरूडच्या स्टँडवर सोडायला आले. सोबत संत्र्यांची पिशवी होती. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसले.

सोमवारी सकाळी नत्थुजींनी कागद घेतला. या वेळी मसुदा केला नाही. पत्र लिहिलं, चेन्नईचा पत्ता घातला आणि पोस्टापर्यंत चालत जाऊन हातानं पेटीत टाकलं.

‘चि. प्रणाली, तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा कर. भिंतीवरची चिठ्ठी माझी नाही. काल अंगणात ती तूच लिहिलीस असं समजून मी गप्प राहिलो, आणि तू ती माझी समजून मला वाकून नमस्कार केलास. काल स्टँडवर तुझे बाबा जे बोलले ते कुणाला सांगू नका असं काही म्हणाले नाहीत, म्हणून जसंच्या तसं लिहितो: “सर, भावकीसमोर एकदा नाही म्हनून बसलो होतो. आता हो म्हनासाठी कोनाचं तं नाव पायजे होतं. म्याच चिठ्ठी टाइप करून घेतली आन् खाली तुमचं नाव लेहलं.”’