मोठी की धाकटी

दवाखान्यात संगणक आला ते २०१७ साल. जुलै महिना होता, आणि टोंगातल्या हापाईच्या त्या लहानशा बेटावर जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, समुद्रावरून बोचरा वारा येतो. चौदा वर्षांची लोसालिने खाटेवर पालथी पडून उशीचा कोपरा चावत होती. मागे कधीतरी घसा धरून ताप आला आणि त्या तापानं हृदयाच्या झडपेला इजा केली, तेव्हापासून दर महिन्याला तिला पेनिसिलिनची सुई घ्यावी लागे. सुई चुकली तर ताप परत येणार आणि झडप कायमची जाणार, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. उशाशी आत्या बसली होती, तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला चांगल्यातली चटई गुंडाळून. सरकारी जागेत ती नेहमी तशीच यायची.

सिस्टर कालोलाइनेनं सुई भरली, आणि पलीकडच्या टेबलावरून नोंदी करणारा सेमीसी ओरडला, "थांबा, थांबा! लाल आलंय!"

"काय लाल आलंय?"

"हिला पेनिसिलिन चालत नाही म्हणतंय. जीव गुदमरतो."

"अरे, तीन वर्षं मीच टोचतेय हिला!"

सिस्टरनं सुई ताटलीत ठेवली आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचायला लागली. "लोसालिने. वय चौदा. गर्भपिशवी काढलेली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. खाली कवळी..."

लोसालिने उशीत तोंड खुपसून खिदळायला लागली. "आत्या, तुझी कवळी माझ्या तोंडात!"

"हसू नकोस गं," आत्या म्हणाली. पण तिचंही पोट हलत होतं.

घोटाळा उघड होता. मुलीचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्यानं आपलंच नाव भाचीला दिलं होतं. दोघींचं नाव एक, आडनाव एक, गाव एक. कागदी फायली यंत्रात भरताना यंत्रानं सेमीसीला विचारलं होतं, ही दोन माणसं एकच का? आत्याच्या फायलीत वर्षाची जागा कोरीच होती, पण तारीख आणि महिना हुबेहूब जुळत होते. सेमीसीनं 'हो' म्हटलं होतं.

"तारीख कशी जुळेल?" सिस्टर वळली. "मावशी, तुमची जन्मतारीख काय?"

"बारा जुलै."

"ती हिची झाली. तुमची?"

"तीच." आत्यानं चटईची दशी बोटाला गुंडाळली. "माझी कुणी लिहून ठेवलीच नव्हती. कुणी विचारलं की मी गप्प बसायचे. मग ही झाली. मी हिला माझं नाव दिलं, हिची तारीख मी घेतली. केकसुद्धा आम्ही एकच कापतो. कुणाचं काय बिघडलं?"

"अजून नाही बिघडलं." सिस्टर तिच्याशेजारी बसली. "पण पुढच्या आठवड्यात माझी बदली होतेय, वावाउला. मी तुम्हां दोघींना तोंडावरून ओळखते. नवी येईल ती नुसता पडदा वाचेल. लाल बघून हिला सुई देणार नाही. नाहीतर हिची म्हणून तुम्हाला देऊन बसेल."

आत्याच्या बोटावरची दशी सुटली.

"मग कर की वेगळं," ती सेमीसीला म्हणाली.

"करतो, मावशी. पण तारीख एकच राहिली, तर उद्या माझ्यासारखाच कुणी शहाणा पुन्हा एक करून टाकेल. तुमची दुसरी सांगा. अंदाजानं सांगा."

लोसालिनेला वाटलं, आता भांडण. आत्या भर सभेत पाद्रीबुवांनाही ऐकवायची, तिथे सेमीसीची काय कथा! पण आत्या ताटलीतल्या सुईकडे बघत राहिली.

"आज मिळेल ना सुई हिला?"

"तारीख सांगा, लगेच देते," सिस्टर म्हणाली.

"अकरा लिही. आदल्या दिवसाची." आत्यानं भाचीच्या केसांवरून हात फिरवला. "कुणीतरी आधी येऊन हिची वाट बघायला हवी ना."

सेमीसीनं अकरा लिहिले. वर्षासाठी मात्र घासाघीस झाली, आणि आत्यानं दोन वर्षं कमी करून घेतली. कवळी आणि लाल खूण आत्याच्या पानावर गेली, झडप लोसालिनेच्या. दोन्ही पानांवर सेमीसीनं टीप लावली: नामराशी आहे, विचारून घ्या.

ते औषध दाट असतं, फार दुखतं. आत्यानं लोसालिनेचा हात घट्ट धरला. "अर्धी कळ इकडे दे," ती कानाशी म्हणाली. "ती काही वेगळी करायला सांगितलेली नाही."

सिस्टर कालोलाइने वावाउला गेली ती तिथेच निवृत्त झाली. आता डुकरं पाळते आणि त्यांनाही वेळेवर औषध देते म्हणे. सेमीसी ऑकलंडला असतो, तिथल्या चर्चच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. समुद्रातला ज्वालामुखी फुटून बेटावर राख पडली, त्या २०२२ सालात आत्या गेली. अंगणातली राख झाडून काढली, आणि जुलै लागायच्या आत झोपेतच गेली. घरीच गेल्यामुळे दवाखान्यातलं तिचं पान कुणी बंद केलं नाही. लोसालिने अजून अकरा तारखेला केक भाजते आणि बाराला कापते.

ती आता बावीस वर्षांची आहे. सुई चालूच आहे. परवा गेली तेव्हा मांडीवर भावाची तान्ही मुलगी होती. रविवारी तिचा बाप्तिस्मा, आणि नाव ठेवायचा मान आता लोसालिनेचा. बेटावर नव्यानंच आलेल्या सिस्टरनं नाव टाइप केलं आणि ती पडद्याकडे बघत थबकली.

"या नावाच्या दोघी दिसतायत. तुम्ही मोठी की धाकटी?"

"धाकटी," लोसालिने म्हणाली. मग तिनं मांडीवर पाहिलं. "रविवारपर्यंत."