राखीव जागेची तोंडी परीक्षा

ठेकेदाराचं शेवटचं उत्तर पुस्तिकेतल्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळलं. परीक्षकबाईंनी शेरा मारला: उत्तीर्ण.

स्वायत्त परिषदेत डोंगरातल्या लोकांसाठी एकच जागा राखीव होती. तिच्यासाठी उभं राहायचं तर डोंगराची बोली यायलाच हवी, असा नियम. परीक्षकही त्याच लोकांतला आणि पदवीधर हवा. अशा बाई एकट्याच. पलीकडच्या खोलीत नणंद त्यांच्या पाच महिन्यांच्या लेकीला खेळवत होती; निम्मा जीव तिकडे अडकलेला.

दुसरी उमेदवार म्हातारी सुईण होती. मांडीवर पिशवी धरून ती खुर्चीच्या टोकाला टेकली.

बाईंनी पुस्तिकेतला पहिला प्रश्न बोलीतून वाचला. सुईण बोलायला लागली ती थांबेचना. हातवारे काय, हसणं काय, मध्येच डोळे पुसणं काय! बाईंचं बोट छापील उत्तरावरून फिरत राहिलं. एक शब्द जुळेल तर शपथ.

"आजी, जरा थोडक्यात."

"आमच्या बोलीत थोडक्यात काही नसतं गं!"

शेजारच्या टेबलावरचा कारकून खुदकन हसला.

पाचही प्रश्नांची तीच गत. शेवटी सुईण पुढे वाकली, बाईंकडे बघत बोलीतून हळूच काहीतरी म्हणाली आणि थांबली. बाईंनी हसून मान डोलावली. त्यांचा हात थोपटून सुईण बाहेर गेली.

"काय म्हणाली हो?" कारकुनानं विचारलं.

"आशीर्वाद दिला."

मग बाईंनी लिहिलं: अनुत्तीर्ण. उत्तरं जुळत नव्हती, त्याला त्या तरी काय करणार? तरी शाई वाळेपर्यंत त्यांना मान वर करवेना. आता जागा ठेकेदाराची, तीही बिनविरोध.

बाहेर आल्या तर लेक सुईणीच्या खांद्यावर निवांत पेंगत होती. "रडून लाल झाली होती," नणंद म्हणाली, "यांनी घेतलं आणि गप्प!"

निकाल दारावर लागला होता. बाईंनी लेकीला घेतलं. त्यांचा चेहरा कानकोंडा झाला.

"आजी, राग धरू नका. माझ्या हातात काही नव्हतं."

"राग कसला, पोरी? तू निदान माझ्याशी तरी खरं बोललीस."

"मी?"

"मी विचारलं नव्हतं का, 'तुला यातलं ओ की ठो कळत नसेल तर नुसती मान हलव, मी कुणाला सांगणार नाही'?"