सुकाणूची पट्टी

मास्तर निवृत्त झाले त्याच दिवशी बायकोला म्हणाले, "माळ्यावरची कयाक होडी खाली काढतो. जराशी डागडुजी केली की दोघं मिळून तळ्यावर जाऊ."

जराशा डागडुजीने बैठकीची खोली गिळली. बूड कुजकं निघालं, म्हणून नवं बसवलं. नव्या बुडावर जुन्या फळ्या भिकारड्या दिसायला लागल्या, म्हणून त्याही बदलल्या. मग बैठका मऊ हव्यात, मग वल्ही हलकी हवीत. तोवर मास्तरांची कंबर गेली, गुडघे गेले आणि रोगणाच्या वासाने भूकही गेली.

"हे जुनं काढलेलं काय करू?" बायको दरवेळी विचारायची.

"टाक बाहेर."

"आणि निघायचं कधी?"

"आता फक्त सुकाणूची पट्टी राहिलीय गं."

अखेर एका सकाळी पट्टीसुद्धा बसली. मास्तरांनी हाक मारली, तर बायको घरात नाही. कयाक हातगाडीवर घालून, वाटेत दहादा टेकत, ते एकटेच तळ्यावर पोचले.

तळ्याच्या मधोमध बायको आणि मेहुणी ऐटीत वल्हवत होत्या. कुजकं बूड, भिकारड्या फळ्या, कडक बैठका. मास्तरांनी होडी लगेच ओळखली.

"अहो, टाकवेना, म्हणून ताईच्या अंगणात पुन्हा जोडली!" बायको ओरडली. "थोडी गळते, पण ताई उपसते. गेल्या उन्हाळ्यापासून रोज येतो आम्ही. तुमची झाली का?"

मास्तर काठावरच आपल्या मऊ बैठकीत जाऊन बसले.

"नाही," ते म्हणाले. "सुकाणूची पट्टी राहिलीय."